‘पात्राची ओळख स्पष्ट नाही’: नरकासुर स्पर्धेच्या परीक्षकांना खुले पत्र

आमच्या भागातल्या नरकासुर पुतळ्यांच्या स्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आदल्या रात्री पावणेबाराला तुम्ही तिघे परीक्षक डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर आलात. गाडीतून उतरलात, आमच्या पुतळ्याकडे पाहत माना वर केल्यात आणि तुमच्यातल्या वयाने वडील असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "हो कोण रे?"

तिथंच घात झाला. त्या एका प्रश्नाला आमच्याकडून एकदम पाच उत्तरं आली. भाचा म्हणाला, "केल्डोर." वेल्डरचा मुलगा म्हणाला, "केल्डोर-बिल्डोर काही नाही, हा दुसऱ्या मितीतून आलाय." पुतणी म्हणाली, "होर्डाकचा शिष्य." मी म्हणालो, "स्केलेटर, साहेब, स्केलेटर." आणि सगळ्यांत धाकटा, पहिलीतला पोरगा, काहीतरी बोलला ते डीजेच्या दणदणाटात कुणाला ऐकूच गेलं नाही. मग तुमच्यासमोरच त्यांची जुंपली. तुम्ही दोन मिनिटं थांबलात, कागदावर काहीतरी लिहिलंत आणि पुढच्या वाड्यावर निघून गेलात.

तो कागद मला नंतर पाहायला मिळाला. उंची, सुबकपणा, हालचाल यांना गुण आहेत. ‘विषय’ या रकान्यात शून्य, आणि शेरा असा: "पात्राची ओळख स्पष्ट नाही. मंडळाच्या सभासदांतच एकमत नाही."

बक्षीस हुकलं म्हणून हे पत्र लिहीत नाही. पहिला आलेला नरकासुर मी स्वतः जाऊन पाहिला. त्याचा जबडा हलत होता, नाकातून धूर येत होता. त्याच्यापुढे आमचा काही टिकला नसता. आमच्या असुराचा उजवा हात वर जाऊन तिथंच अडकला, त्याला कारण मी. भंगारातली वायपरची मोटर मीच बसवली होती आणि तिचे दाते झिजलेले आहेत हे मला ठाऊक होतं. हालचालीला शून्य दिलं असतंत तर निमूट घेतलं असतं. पण विषयाचं शून्य आणि तो शेरा माझ्या घशाखाली उतरत नाही. कारण शेऱ्यातलं एक वाक्य अगदी खरं आहे. आमच्यात एकमत नाही. ते कधी होणारही नाही. का, ते सांगायला हा कागद घेतलाय.

आधी तो कोण ते सांगतो. 1982 साली मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ या नावाने साडेपाच इंची बाहुले बाजारात आणले. नायक ही-मॅन. खलनायक स्केलेटर: निळं अंग, डोक्यावर जांभळी टोपरी, चेहऱ्याच्या जागी पिवळट कवटी, हातात मेंढ्याच्या कवटीचा दंड. त्याआधी काही वर्षं ‘स्टार वॉर्स’ची खेळणी करायची संधी या कंपनीकडे आली होती आणि तिने ती नाकारली होती. दुसऱ्यांनी ती घेतली आणि रग्गड पैसा केला. मग आपलंही असं काहीतरी हवं म्हणून धावाधाव झाली, त्यातून हे निघालं. ध्यानात घ्या, तेव्हा गोष्ट नव्हती. आधी बाहुले झाले, मग त्यांना गोष्ट शोधली.

बिग जिम नावाच्या जुन्या बाहुल्यांसाठी केलेल्या वाघाचा साचा कंपनीकडे पडून होता. तोच पुन्हा वापरला, हिरवा रंग दिला. पण तो या नव्या बाहुल्यांच्या मानाने फारच मोठा झाला, म्हणून त्यावर खोगीर घातलं आणि ही-मॅनला वर बसवलं. तो बॅटल कॅट. हाच वाघ एरवी भित्रा असतो, थरथर कापतो, त्याचं नाव क्रिंजर, हे सगळं पुढे गोष्टवाल्यांनी घातलं. टीलाच्या बाहुलीला नागाचा फणा असलेलं चिलखत आहे. का, तर एकाच बाहुलीने योद्धा टीला आणि जादूगारीण अशा दोघींचं काम भागवायचं होतं. मग दोघी सारख्या का दिसतात? बाहुल्यांबरोबर मिळणाऱ्या एका पुस्तिकेत टीला ही त्या देवीसमान जादूगारिणीची हुबेहूब नक्कल ठरली, तर कार्टूनमध्ये तिची मुलगी. साच्याचे पैसे वाचले, आणि आमची पुतणी व तिच्या मैत्रिणी आज त्यावर तासन्‌तास बोलतात.

मुळात ही-मॅन कुणाच्या डोक्यातून निघाला यावरही एकमत नाही. मार्क टेलर यांनी चित्रं काढली होती. रॉजर स्वीट यांनी बिग जिमच्या बाहुल्यांवर माती थापून तीन नमुने उभे केले होते. जन्मदाता कोण, हा वाद टेलर गेले तरी मिटला नाही. बनवणाऱ्यांचंच जिथं असं, तिथं आमच्या वाड्यावरच्या पोरांकडून तुम्ही एकमताची अपेक्षा ठेवता, ही जरा जास्तच.

आम्ही हे सगळं दूरदर्शनवर पाहिलं. वाड्यावर तेव्हा तीन टीव्ही, त्यातला एक भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरी, आणि अँटेना फिरवायला एकाला कौलांवर चढवावं लागायचं. संवाद अर्धेअधिक डोक्यावरून जायचे. पण राजपुत्र ॲडम तलवार वर करून "बाय द पॉवर ऑफ ग्रेस्कल" म्हणाला आणि त्याचा ही-मॅन झाला की आम्ही अंगणात माडाच्या चुडताचे दांडे वर करायचो. भारतात हे बाहुले लिओ या नावाखाली यायचे. माझ्या मामाने मला म्हापशाहून एक आणून दिला होता, स्केलेटर. ही-मॅन हवा होता, तो संपला होता. मी दोन दिवस रुसलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

तो बाहुला अजून माझ्याकडे आहे. गॅरेजच्या फळीवर, स्पार्क प्लगच्या डब्याशेजारी. त्याच्या कमरेत स्प्रिंग आहे. धड पिळून सोडलं की फटकन फिरतं आणि समोरच्याला ठोसा बसतो. पाय आतून रबराने जोडलेले असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात रबर किती टिकणार? काही वर्षांनी ते चिकट झालं, मग तुटलं आणि एका सकाळी दोन्ही पाय निखळून खाली पडले. मी सायकलच्या ट्यूबची अरुंद पट्टी कापून, दोन्ही टोकांना गाठ मारून, आतून ओढून बसवली. अजून धरून आहे. फक्त उजवा पाय डाव्यापेक्षा जरा सैल आहे, त्यामुळे उभा केला की तो एका बाजूला झुकतो. माझ्या डोळ्यांना स्केलेटर तसाच झुकलेला बरा दिसतो.

यंदा मुलं म्हणाली, "मामा, हाच करूया." माझ्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. साडेपाच इंचांचा बाहुला वीस फुटांवर न्यायचा म्हणजे चव्वेचाळीस पट. बांबू, गवत, जुनी वर्तमानपत्रं, मैद्याची खळ आणि त्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद. आता या बाहुल्याचे पाय सरळ नाहीत, गुडघ्यात वाकलेले आहेत, कुस्तीला उतरल्यासारखे. साडेपाच इंचांवर ते शोभतं. वीस फुटांवर सगळा भार पुढे येतो. सांगाडा उभा केला त्याच रात्री तो नाकावर कलला. म्हणून पाठीमागून जाड बांबूचा टेकू दिला, आणि टेकू दिसू नये म्हणून मी पाठीवर जांभळी झूल सोडायला सांगितली.

झालं. वेल्डरच्या मुलाने काम थांबवलं. म्हणाला, "मूळ बाहुल्याला झूल नाहीच. टोपरी आहे फक्त. कार्टूनमध्येपण नाही."

खरं होतं त्याचं. मी फळीवरचा बाहुला आणून पाहिला. झूल नाही.

भाचा म्हणाला, "1987 च्या सिनेमात आहे. फ्रँक लँगेलाने स्केलेटर केलाय, त्यात चांगला पायघोळ झगा आहे."

"तो सिनेमा धरायचा असेल तर मग कार्टूनमधला तो तरंगणारा जादूगार ओर्को कुठाय? त्यात ओर्को नाही. धरणार का?"

"नरकासुराच्या मांडवात ओर्कोचा काय संबंध?"

"मग झुलेचा काय संबंध?"

माझ्यासमोर वीस फुटांचा सांगाडा दोरीवर लोंबकळत होता आणि हे दोघे कुठला पुरावा ग्राह्य यावर भांडत होते. शेवटी झूल राहिली, कारण तिच्याशिवाय तो पडला असता. पण वेल्डरच्या मुलाने एक अट घातली. झुलेच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, त्याने खडूने लिहिलं: ‘ही झूल मूळची नाही.’ परीक्षक महाराज, सुबकपणाचे गुण देताना तुम्ही झुलेच्या मागे गेला नाहीत. गेला असतात तर हे वाचलं असतंत, आणि कदाचित ‘विषय’ या रकान्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतंत. पोथीत मागून घुसलेल्या ओवीला प्रक्षिप्त म्हणतात. आमच्या पोराने तर ती टीप स्वतःच लिहून ठेवली होती.

आता केल्डोरचं प्रकरण, कारण तुमच्यासमोर भडकलेलं भांडण त्याचंच.

अगदी पहिल्या पुस्तिकेत स्केलेटर दुसऱ्या मितीतून आलेला आहे. ग्रेस्कलच्या किल्ल्यात शिरायचं आणि आपल्या जातभाईंना इकडे आणायचं, एवढाच त्याचा हेतू. त्या गोष्टीत ही-मॅन राजपुत्रही नाही. आपली टोळी सोडून जंगलातून बाहेर पडलेला एक लढवय्या. शक्तीची तलवार दोन तुकड्यांत आहे, दोन्ही जुळले की किल्ला उघडतो. बाहुल्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या तलवारीही तशाच होत्या, ही-मॅनची करडी, स्केलेटरची जांभळी, एकमेकींवर चपखल बसणाऱ्या. 1983 साली फिल्मेशन कंपनीचं कार्टून आलं, दोन वर्षांत 130 भाग झाले, आणि तलवारीचे दोन तुकडे हा भाग बहुतेक गळूनच पडला. राजपुत्र ॲडम मात्र पक्का बसला. 1985 मध्ये ही-मॅनची जुळी बहीण शी-रा आली आणि तिच्याबरोबर होर्डाक. स्केलेटर हा त्याचा विश्वासघातकी शिष्य होता असं तेव्हा कळलं. पुतणी तिथं अडून बसलीय. मग 1987 मध्ये, बाहुल्यांचा धंदा बसत आला असताना, एका पुस्तिकेत ॲडमचा बाप राजा रँडर याचा हरवलेला भाऊ केल्डोर याचा उल्लेख आला. त्याचा शोध लागू नये म्हणून स्केलेटर धडपडतो, का ते सांगायच्या आत सगळंच बंद पडलं. 2002 च्या नव्या कार्टूनने ते पूर्ण केलं: रँडरवर फेकलेलं आम्ल उलटून केल्डोरच्याच तोंडावर आलं, चेहरा जळाला, कवटी उरली. आपल्याकडे याला भस्मासुर म्हणतात आणि त्यासाठी पंधरा वर्षं थांबावं लागत नाही.

भाच्याला हे फार आवडतं. त्याचं म्हणणं, "मामा, तो बाहेरचा असेल तर त्याला हाकललं की संपलं. पण भाऊ असेल तर? मग भांडण घरातलं." त्याच्या वडिलांच्या वाटणीची केस किती वर्षं चालू आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही. पण मला स्वतःला केल्डोर पटत नाही, आणि ते मी इथं लिहून ठेवतो. प्रत्येक खलनायकाला जमिनीच्या मालकीसारखा एक-चौदाचा उतारा जोडलाच पाहिजे का? कवटीचं तोंड घेऊन कुणीतरी कुठूनतरी आला आणि किल्ल्याच्या दारावर धडका देऊ लागला, यात जी भीती आहे ती ‘हा रँडरचा भाऊ’ म्हटल्यावर निम्मी होते. मग तो आपल्यातलाच एक रागावलेला माणूस उरतो. वेल्डरच्या मुलाची बाजू मी घेतो ती याचसाठी. तो तिची कारणं वेगळी देतो, आणि मला म्हणतो की मी चुकीच्या कारणाने बरोबर आहे.

पाटीवरचं नाव तुम्हाला तीन रंगांत दिसलं असेल. आधी मी ‘स्केलेटर’ लिहिलं. रात्रीत कुणीतरी वर ‘केल्डोर ऊर्फ’ चढवलं. दुसऱ्या दिवशी ‘केल्डोर ऊर्फ’वर काळा हात फिरला. तिसऱ्या दिवशी पुतणीने खाली बारीक अक्षरांत लिहिलं: ‘पाठभेद आहेत.’ तुमच्या शेऱ्याचा उगम बहुधा त्या पाटीत आहे. मला ती बदलायला वेळ होता. बदलावीशी वाटली नाही.

तुमच्यातल्या बाईंनी एक चांगला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर गोंधळात राहून गेलं. "हा राजपुत्र आणि तो पहिलवान एकच आहेत, तर कुणी ओळखत कसं नाही? तोंड तर तेच." हा या मालिकेवरचा सगळ्यांत जुना आक्षेप आहे. ॲडमच्या अंगात गुलाबी बंडी, ही-मॅनची कातडी जरा रापलेली; बाकी फरक शून्य. चित्रकारांचं काम वाचावं म्हणून चेहरा तोच ठेवला असेल, मालिकेत तीच धाव आणि तीच उडी पुन्हापुन्हा वापरलीय तशी. ओर्कोच्या छातीवर ‘ओ’ आहे तो त्यासाठीच, चित्र उलटं छापलं तरी ‘ओ’ ‘ओ’च राहतो.

पण बाई, तुम्ही जत्रेला दशावतारी काला पाहिला असेलच. रात्री अडीचला द्रौपदी येते, तिचं लुगडं दुःशासनाच्या हातात येतं आणि आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. ती द्रौपदी कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं. सकाळी तो माणूस त्यांच्याच दारात मासे घेऊन आलेला असतो, आणि बांगड्याच्या वाट्यावरून त्यांनी त्याच्याशी घासाघीसही केलेली असते. कुणी म्हणत नाही, "अगं, हा तर तो!" ओळखूनही न ओळखणं हे मांडवातल्या माणसाचं काम आहे. इटर्नियाच्या, म्हणजे ही-मॅनच्या जगातल्या, दरबारात नेमकं हेच चाललेलं असतं असं माझं मत आहे. भाचा यालाही हसतो, तो भाग वेगळा.

काल्याचं नाव निघालंच आहे तर संकासुराचंही सांगतो. मूळ बाहुल्यातला आणि पुस्तिकेतला स्केलेटर भेसूर आहे. कार्टूनवाल्यांवर मात्र बंधनं होती. मुलांचा कार्यक्रम, नायकाने कुणाला ठोसा मारायचा नाही, तलवार अंगावर चालवायची नाही, शेवटी दोन शब्द बोधाचे. मग खलनायकाने करायचं काय? ॲलन ओपनहायमर या नटाने त्याला उंच, किरटा आवाज दिला आणि तो आपल्याच चेल्यांना शिव्या घालत, पाय आपटत, चिडचिड करत सगळी मालिका खाऊन गेला. काळे कपडे, लांब टोपी, लोंबणारी जीभ असा आपला संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, तेवढा भाग सोडला तर बाकी वेळ पोरांच्या अंगावर धावून जातो आणि मालवणीत टोमणे मारतो. विष्णू येऊन त्याला मारतो ते बघायला कोण थांबतं? लहानपणी संकासुर गेला की आम्ही खाजं खायला उठायचो. दूरदर्शनवर आम्ही स्केलेटरवर खूष झालो त्याला कारण इथलं आहे. आमची तयारी आधीच झाली होती.

आणि नरकासुराचं काय वेगळं आहे? गोव्यात दरवर्षी कुणी ना कुणी तक्रार करतोच: असुर वीस फुटांचा, आणि श्रीकृष्ण म्हणून कुणाचं तरी दहा वर्षांचं पोर निळं रंगवून कोपऱ्यात झोपाळलेलं उभं. ही तक्रार रास्त आहे. तुम्हीही दोन वर्षांपूर्वी बक्षीस समारंभात ती बोलून दाखवली होती, मी शेवटच्या रांगेत होतो.

पण मग मला विचारू द्या, तुमचा हा नरकासुर तरी कोण? भागवतात तो भूमीचा मुलगा, भौमासुर. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, म्हणजे आसामच्या बाजूचा. अदितीची कुंडलं आणि वरुणाचं छत्र पळवतो, हजारो राजकन्या कोंडून ठेवतो. सत्यभामेला बरोबर घेऊन कृष्ण गरुडावरून जातो आणि चक्राने त्याचं मस्तक उडवतो. आमचे आजोबा श्रावणात पोथी वाचायचे, ते असंच सांगायचे. आणि त्यांचं वाचून झालं की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "चूक. मारलं सत्यभामेनं." कारण आईच्याच हातून मरण असा त्याला वर होता, आणि सत्यभामा म्हणजे भूमीचाच अवतार, असं तिने तिच्या माहेरच्या कीर्तनात ऐकलं होतं. आजोबा पोथीवर बोट ठेवून दाखवायचे. आजीला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "लिहिणारा पुरुष होता." हा वाद माझ्या आठवणीत निदान दहा श्रावण चालला आणि दर वेळी तो आम्ही कान टवकारून ऐकला.

एवढ्यावर भागत नाही. नरकाचा मुलगा भगदत्त महाभारतात कौरवांच्या बाजूने हत्तीवरून लढतो. कामरूपाचे जुने राजे आपला वंश नरकापासून सांगायचे, अभिमानाने. आपण ज्याला पहाटे पेटवतो तो तिकडे कुणाचा तरी मूळपुरुष आहे. आता सांगा, भाच्याच्या केल्डोरला हसायचं कसं? तिथंही राजघराण्याशी नातं, इथंही. स्पर्धेच्या पत्रकात ‘पौराणिक पात्राशी सुसंगत’ असं लिहिलंय. कुठल्या पुराणाशी, आजोबांच्या की आजीच्या?

तुमच्यासमोर पाचवं उत्तर देणारा तो पहिलीतला पोरगा. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तू काय म्हणाला होतास रे?" तो म्हणाला, "नरकासुर." त्याच्या लेखी प्रश्नच नव्हता. वीस फुटांचा आहे, भेसूर आहे, पहाटे जळणार आहे. मग दुसरा कोण असणार? डीजेचा आवाज थोडा कमी असता तर कदाचित आमचं शून्य टळलं असतं. डीजे आमचाच होता, म्हणून याबद्दल तक्रार नाही.

तुम्ही पाहिलं नाहीत ते सांगतो, कारण तुम्ही पावणेबाराला आलात आणि आमचा असुर पाच वाजता गेला. त्याला कुणी मारायचं यावरही तीन आठवडे खल झाला. ही-मॅन उभा करा, असं निम्म्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं; सोनेरी केसांचा टोप घालून कुणी पोरगा पहाटे देवळासमोर उभा केला तर पुजारी मला वर्षभर बोलले असते. कृष्णच ठेवूया म्हटलं. तेव्हा पुतणी, जिने 2021 ची नवी मालिका पाहिलीय, ज्यात ही-मॅन पहिल्याच भागात मरतो आणि पुढची गोष्ट टीला ओढते (यावरून जगभरचे जुने चाहते किती चवताळले होते ते मी लिहीत नाही, मीही त्यातलाच होतो), ती म्हणाली, "पणजीआजीची सत्यभामा." कुणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराचं दार आलं.

तर पहाटे पाचला पुतणीने पणजीचंच जुनं नऊवारी नेसून, बांबूच्या धनुष्याला पेटता बोळा लावून बाण सोडला. पहिला चुकला, झुलेला लागून खाली पडला. दुसरा छातीत. गवत कोरडं होतं, भपकन पेटलं. उजवा हात तसाच वर अडकलेला होता आणि शेवटपर्यंत तो तसाच राहिला, जणू निरोप घेतोय. झूल आधी जळाली. वेल्डरचा मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "बघा, आता बरोबर दिसतो." आणि खरंच, मिनिटभर, टेकू जळून तो कोसळायच्या आधी, तो माझ्या फळीवरच्या बाहुल्यासारखा दिसला, एका बाजूला झुकलेला. मग घरोघरी जाऊन आंघोळी, पायाखाली कारीट, आणि पाच प्रकारचे फोव, म्हणजे पोहे. ताकातल्या फोवांबरोबर वाद पुन्हा सुरू.

माझी मागणी मोठी नाही. गुण बदलू नका, निकाल लागून गेलाय. फक्त त्या कागदावरचा शेरा तेवढा खोडा. ‘ओळख स्पष्ट नाही’ असं लिहिलेला कागद मुलांनी जपून ठेवलाय, आणि त्यांना वाटतं की एकमत नसणं हा दोष आहे. वेल्डरचा मुलगा तर म्हणतो, पुढच्या वर्षी सरळ बाजारातला तयार मुखवटा आणूया, त्यावर काही भांडण नको. माझं शेड आहे, माझी खळ आहे, त्याला मी हे करू देणार नाही. पण त्याच्या डोक्यात तो विचार आला तो तुमच्या शेऱ्यामुळे. जमलं तर पुढच्या वर्षी पत्रकात एक ओळ घाला: प्रत्येक मंडळाला आपला असुर कोण हे सांगायला पाच मिनिटं. पाच मिनिटांत सगळ्यांची उत्तरं होणार नाहीत, पण आजीसारखं कुणीतरी मागून बोलायला निदान जागा राहील.

शेरा खोडलात तर कागद गॅरेजवर पाठवा. मी नसेन तर भाचा असतो. त्याच्याकडे द्या आणि लगेच निघा. केल्डोरबद्दल काही विचारू नका, नाहीतर दुपार तिथंच जाईल.

आपला,
मंडळाचा हिशेबनीस